माइनक्राफ्टमधली रात्र संपत नाही? वर्ल्ड डिलीट करण्याआधी हे तपासा

"मामा, आमच्याकडे उजाडतच नाहीये." दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा असा फोन आला. त्याने माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममध्ये किल्ला बांधला होता: बुरूज, गोमुखी दरवाजा, तटावर ओळीने कंदील. दोन महिन्यांचं काम होतं. आता तिथे कायमची मध्यरात्र झाली होती. बेडवर झोपलं तरी डोळे उघडताना काळोखच. मित्रांनी त्याला सल्ला दिला होता की गेम काढून पुन्हा टाक, नाहीतर वर्ल्ड, म्हणजे गेममधलं ते जग, डिलीट करून नवीन सुरू कर.

दोन्ही सल्ले चुकीचे होते. गेम पुन्हा टाकून उपयोग नसतो, कारण वेळ गेममध्ये साठवलेली नसते, ती त्या वर्ल्डच्या फाइलमध्ये असते. आणि वर्ल्ड डिलीट केलं की दोष जातो, पण किल्लाही जातो. दिवस-रात्रीचं चक्र अडकण्याची कारणं मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी पाच-दहा मिनिटांत सुटतात. अट एकच: दुरुस्तीला हात घालण्याआधी वेळ खरंच थांबली आहे, हळू चालली आहे, की नुसतं आभाळ तसं दिसतंय, हे ठरवायचं. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि मग सेटिंगमागून सेटिंग बदलत बसतात.

कमांड लिहिण्याबद्दल थोडं

खाली सगळ्या कमांड, म्हणजे चॅटमध्ये लिहून गेमला द्यायच्या आज्ञा, मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. कंप्युटरवर टी दाबून चॅट उघडा, आधी तिरकी रेघ म्हणजे स्लॅश द्या, शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहा आणि टॅब दाबा. उरलेला शब्द गेम स्वतः पुरा करतो, त्यामुळे स्पेलिंगची चूक होत नाही. मोबाइलवर चॅटच्या चिन्हावर टॅप करून लिहायला लागलं की वर पर्याय दिसू लागतात.

कंप्युटरवरच्या जावा आवृत्तीत वर्ल्ड चीट्सशिवाय, म्हणजे कमांड वापरण्याच्या परवानगीशिवाय, सुरू केलं असेल तर कमांड चालणार नाहीत. त्यावर सोपी वाट आहे. एस्केप दाबा, 'ओपन टू लॅन' निवडा, तिथे चीट्सना (नव्या आवृत्त्यांत त्याला कमांड्स म्हणतात) परवानगी द्या आणि लॅन सुरू करा. ही परवानगी वर्ल्ड बंद करेपर्यंतच टिकते, पण दुरुस्तीला तेवढी पुरते.

मोबाइल, कन्सोल आणि विंडोजवरची बेडरॉक आवृत्ती मात्र वेगळी वागते. तिथे चीट्स एकदा चालू केले की त्या वर्ल्डमधले अचीव्हमेंट (टप्पे गाठल्यावर मिळणारे मान) कायमचे बंद होतात, नंतर चीट्स बंद केले तरी परत मिळत नाहीत. म्हणून बेडरॉकवाल्यांनी वर्ल्डची प्रत काढावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

जावावाल्यांनीही बॅकअप घ्यायचाच. वर्ल्ड निवडून 'एडिट'मध्ये गेलं की 'मेक बॅकअप' हे बटण मिळतं, त्याने पूर्ण वर्ल्डची झिप फाइल तयार होते. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. कुणाचं तरी महिनोन्महिन्यांचं काम त्या फाइलमध्ये असतं.

एका मिनिटाची चाचणी

माइनक्राफ्ट वेळ मोजतं ते टिकमध्ये. एका सेकंदात २० टिक, पूर्ण दिवसाचे २४,००० टिक, म्हणजे आपल्या घड्याळाची २० मिनिटं. शून्य टिकला गेममधले सकाळचे सहा वाजतात, ६,००० ला दुपारचे बारा, १८,००० ला मध्यरात्र.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की गेममध्ये घड्याळं दोन आहेत. एक 'गेमटाइम'. वर्ल्ड जन्मल्यापासून एकूण किती टिक झाले ते हे मोजतं. दुसरं 'डेटाइम', म्हणजे सूर्य आत्ता कुठे आहे ते. पहिलं चालू असताना दुसरं थांबू शकतं. निदानाची किल्ली इथेच आहे.

फोनवर स्टॉपवॉच उघडा. गेममध्ये '/टाइम क्वेरी गेमटाइम' आणि लगेच '/टाइम क्वेरी डेटाइम' द्या आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. बरोबर ६० सेकंद थांबा. या वेळात एस्केप दाबू नका, कारण एकट्याने खेळताना त्या मेन्यूत गेम पूर्ण थांबतो. चॅट उघडं राहिलं तरी चालतं. मिनिट झालं की दोन्ही कमांड पुन्हा द्या आणि वजाबाकी करा. सगळं ठीक असेल तर दोन्हीकडे साधारण १,२०० चा फरक यायला हवा. टाइप करण्यात चार-दोन सेकंद गेले तर शंभरभर टिक इकडेतिकडे होतील, त्याची काळजी करू नका. डेटाइम २४,००० ला पोचला की शून्यापासून सुरू होतो, तेवढं लक्षात ठेवून वजाबाकी करा.

आता या आकड्यांवरून पुढचा रस्ता ठरतो.

गेमटाइम पुढे गेला, डेटाइम जागचा हलला नाही

सर्वाधिक वेळा आढळतो तो हा प्रकार. याची दुसरी खूण म्हणजे गहू वाढतोय, भट्टीत लोखंड वितळतंय, गायी फिरतायत, फक्त सूर्य किंवा चंद्र खिळल्यासारखा आहे. म्हणजे जग जिवंत आहे, दिवसाचा काटा तेवढा कुणीतरी अडवलाय.

अडवणारा बहुधा एक नियम असतो: 'डूडेलाइटसायकल'. '/गेमरूल डूडेलाइटसायकल' एवढंच लिहून एंटर दाबा, पुढे काही लिहू नका. गेम त्याची सध्याची किंमत सांगेल. 'फॉल्स' आलं तर तीच कमांड शेवटी 'ट्रू' जोडून द्या. जावामध्ये मोठी-लहान अक्षरं पाळावी लागतात: सुरुवातीचा डी लहान, डेलाइटचा डी आणि सायकलचा सी मोठा, मधे जागा नाही. जावा १.२१.११ पासून नियमांची नावंच बदलली आहेत. तिथे हाच नियम 'ॲडव्हान्स टाइम' या नावाने आहे, सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर. जुन्या व्हिडिओतली कमांड नव्या गेममध्ये लाल अक्षरांत नाकारली जाते ती याचमुळे.

बेडरॉकमध्ये कमांडऐवजी वर्ल्डच्या पेन्सिलच्या चिन्हावर टॅप करून सेटिंग्जमध्येही दिवस-रात्रीचा खटका सापडतो. शिवाय तिथे '/ऑलवेजडे' आणि '/डेलॉक' अशा दोन कमांड आहेत. कुणी गंमत म्हणून त्यातली एखादी दिली की सूर्य भर उजेडात कुलूपबंद होतो. त्याच कमांडपुढे 'फॉल्स' लिहिलं की कुलूप उघडतं. इथे बेडरॉकवाल्यांसाठी एक दिलासा आहे. तुमच्याच वर्ल्डमध्ये हा नियम बंद झाला असेल, तर चीट्स आधी केव्हातरी चालू झालेच होते. अचीव्हमेंट तेव्हाच गेले, आता दुरुस्ती केल्याने आणखी काही जाणार नाही.

हा नियम बंद असताना झोपलं तर काय होतं, हे अनेकांना गोंधळात टाकतं. जावामध्ये खेळाडू झोपतो, पडदा काळा होतो, पाच सेकंदांनी तो उठतो, आणि बाहेर तीच रात्र. बेड बिघडलेला नसतो. रात्र ओलांडण्याआधी गेम हाच नियम तपासतो, आणि तो बंद असेल तर नुसतं उठवून सोडतो.

आता खरी पंचाईत. भाच्याकडे नियम 'ट्रू'च आला. तरीही डेटाइम कधीही विचारलं की उत्तर १८,०००, नाहीतर एखाद्या टिकने पुढे. घड्याळ थांबलेलं नव्हतं, कुणीतरी ते सतत मागे ओढत होतं. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. किल्ल्यापासून खूप लांब गेलास तर उजाडतं का? त्याने घोडा काढला, बराच दूर गेला, आणि पूर्वेकडे तांबडं फुटलं. दुसरं विचारलं, चंद्र कसा दिसतो? म्हणाला, "रोज पौर्णिमाच असते."

त्यातच उत्तर होतं. माइनक्राफ्टमध्ये चंद्राच्या आठ कला आहेत, दररात्री एक पुढे. रोज पौर्णिमा याचा अर्थ दिवसांची मोजणी दर वेळी पहिल्या दिवसावर येतेय. '/टाइम सेट मिडनाइट' ही कमांड नेमकं तेच करते. आणि लांब गेल्यावर दोष नाहीसा होतो, म्हणजे तो दोष एका जागी ठेवलेला आहे. जिथे खेळाडू नसतो तिथला भाग गेम बंद करून ठेवतो, मग तिथलं यंत्रही थांबतं.

ते यंत्र म्हणजे कमांड ब्लॉक, आत लिहिलेली कमांड आपोआप चालवणारा ठोकळा. कंदील उजळून दिसावेत म्हणून त्याने स्वतःच दरवाजाखाली पुन्हा पुन्हा चालणारा कमांड ब्लॉक पुरला होता, आणि चॅटमध्ये संदेशांचा पूर येतो म्हणून 'कमांडब्लॉकआउटपुट' हा नियम बंद केला होता. नंतर विसरला. तुम्हाला असा ब्लॉक शोधायचा असेल तर तो नियम 'ट्रू' करा. वेळ बदलल्याचे संदेश चॅटमध्ये धडाधड येऊ लागले की संशय पक्का झाला. मग '/गेममोड स्पेक्टेटर' देऊन जमिनीखाली, भिंतींमधून फिरा. सतत चालणारा ब्लॉक जांभळा असतो, एकदाच चालणारा नारिंगी. सापडला की '/गेममोड क्रिएटिव्ह' देऊन तो फोडा, आणि मग आपल्या मूळ मोडवर परत या.

ब्लॉक सापडला नाही तर डेटापॅक, म्हणजे वर्ल्डमध्ये वरून जोडलेल्या कमांड आणि नियमांचे संच, बघा. '/डेटापॅक लिस्ट' दिलं की चालू असलेले पॅक दिसतात. एकेक '/डेटापॅक डिसेबल'ने बंद करत मिनिटाची चाचणी पुन्हा घ्यायची. लांब गेलं तरी दोष जात नसेल, तर डेटापॅकवर संशय जास्त घ्यावा, कारण तो जागेला बांधलेला नसतो.

दोन्ही आकडे पुढे गेले, पण १,२०० पेक्षा बरेच कमी

इथे वेळ थांबलेली नाही, मशीनला दम लागलाय. सेकंदाला २० ऐवजी १० टिक झाले तर २० मिनिटांचा दिवस ४० मिनिटांचा होतो. याची डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे सूर्य पुढे सरकतो आणि झटक्याने मागे येतो. सर्व्हर, म्हणजे जग चालवणारा भाग (एकट्याने खेळतानाही तो गेमच्या आत असतो), साधारण सेकंदातून एकदा खरी वेळ कळवतो, आणि मधल्या काळात तुमचा गेम आपल्या अंदाजाने सूर्य पुढे ढकलत राहतो. सर्व्हर मागे पडला की अंदाज आणि वस्तुस्थिती जुळत नाहीत, म्हणून तो झटका.

पण आधी एक सोपी शक्यता बाजूला काढा. जावा १.२०.३ पासून '/टिक' नावाची कमांड आहे. '/टिक क्वेरी' देऊन बघा. ठरलेला वेग २० पेक्षा कमी दाखवला तर कुणीतरी तो बदललाय. '/टिक रेट २०' दिलं की काम झालं.

वेग २० च असेल तर खरंच ओझं जास्त आहे. एका टिकला ५० मिलिसेकंदांची मुभा असते. एफ ३ दाबल्यावर दिसणाऱ्या माहितीत, किंवा '/टिक क्वेरी'च्या उत्तरात, सरासरी वेळ ५० च्या वर गेलेली दिसली की कारण समजलं. सर्व्हर असेल तर त्याच्या कन्सोलवर 'कान्ट कीप अप' अशी सूचना येते आणि किती टिक मागे पडलोय ते पुढे लिहिलेलं असतं.

माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोषी असतात ते एका खड्ड्यात कोंबलेले शे-दोनशे प्राणी, आणि त्याखालोखाल हॉपरच्या, म्हणजे वस्तू आपोआप पुढे सरकवणाऱ्या ठोकळ्यांच्या, लांबच लांब रांगा. आधी ते कमी करा. नंतर 'सिम्युलेशन डिस्टन्स', म्हणजे तुमच्याभोवतीचा किती भाग गेम चालता ठेवतो ते, १० वरून ६ वर आणा. सर्व्हरवर ते सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये असतं, एकट्याने खेळताना व्हिडिओ सेटिंग्जमध्ये. 'रेंडर डिस्टन्स' (किती लांबपर्यंत दिसतं ते) कमी केल्याने चित्र हलकं होतं, पण घड्याळाला जास्त फरक पडतो तो सिम्युलेशनने.

दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत

तुम्ही फिरू शकता, पण गायी पुतळ्यासारख्या उभ्या आहेत, पाणी वाहत नाही. कुणीतरी '/टिक फ्रीझ' दिलंय. '/टिक अनफ्रीझ' द्या. सर्व्हरवर ही कमांड द्यायला वरच्या दर्जाची ऑपरेटर परवानगी लागते.

याच्याच जवळची एक तक्रार सर्व्हर चालवणारे करतात: काल संध्याकाळी बाहेर पडलो, आज आलो तर तीच संध्याकाळ, आणि पिकंही तेवढीच. हा दोष नाही. जावा १.२१.२ पासून रिकामा सर्व्हर एका मिनिटाने स्वतःला थांबवतो. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीजमधल्या 'पॉज व्हेन एम्प्टी सेकंड्स'समोर ६० हा आकडा असतो. तो शून्य केला की कुणी नसतानाही काळ चालू राहतो.

दोन्ही आकडे बरोबर, पण आभाळ हलत नाही

म्हणजे जग ठीक आहे, तुमच्या पडद्यावरचं चित्र खोटं बोलतंय. खात्री करायची तर मोकळ्या आभाळाखालचा, डोक्यावर शिरस्त्राण नसलेला झॉम्बी बघा. त्याला जाळणारा सूर्य सर्व्हरचा असतो. पडद्यावर रात्र असताना झॉम्बी पेटत असेल, तर खरा दिवस उजाडलेला आहे.

शेडर (प्रकाश-सावल्या बदलणारे जोड) चालू असतील तर बंद करून बघा, मग एफ ३ आणि टी एकत्र दाबून रिसोर्स पॅक (गेमची चित्रं-आवाज बदलणारे संच) ताजे करा. ऑप्टिफाइन हा चित्र सुधारणारा मॉड वापरत असाल तर व्हिडिओ सेटिंग्जमध्ये 'टाइम' हा पर्याय 'डिफॉल्ट'वर आहे ना ते बघा. तो 'डे ओन्ली' किंवा 'नाइट ओन्ली'वर राहिला तर क्रिएटिव्हमध्ये आभाळ अडकतं. तिथेच 'डिटेल्स'मध्ये सूर्य-चंद्र बंद करायचाही खटका आहे, तो चुकून दाबला गेला की सूर्य गायब.

मित्रांच्या सर्व्हरवर फक्त एकालाच रात्र दिसत असेल आणि बाकी सगळ्यांना दिवस, तर एसेन्शियल्सएक्स प्लगिनची '/पीटाइम' कमांड आठवा. ती एका खेळाडूपुरतंच आभाळ बदलते. '/पीटाइम रीसेट' दिलं की तो बाकीच्यांच्या दिवसात परत येतो.

आणि तुम्ही नेदर किंवा एंड या गेममधल्या वेगळ्या जगांमध्ये असाल तर तिथे दिवस-रात्र नसतेच. हातातलं घड्याळ तिथे गरगर फिरत राहतं, ते तसंच बनवलेलं आहे. तिथे झोपून वेळ घालवायचा प्रयत्न करू नका, बेडचा स्फोट होतो.

घड्याळ ठीक, फक्त झोपून सकाळ होत नाही

निरभ्र आभाळात १२,५४२ टिकच्या आधी झोपता येत नाही, पावसात १२,०१० पासून येतं. एकापेक्षा जास्त खेळाडू असतील तर त्या जगातल्या सगळ्यांनी झोपायला हवं, ही मूळ अट आहे. कुणीतरी घरातल्या संगणकावर गेम उघडा ठेवून जेवायला गेलेला असतो आणि बाकीचे बेडवर ताटकळतात. जावा १.१७ पासून त्यावर 'प्लेयर्सस्लीपिंगपर्सेंटेज' हा नियम आहे. ५० दिलं तर निम्मे झोपले की पुरे, ० दिलं तर एकट्याने झोपून भागतं. हा आकडा कुणी १०० च्या वर नेऊन ठेवला असेल तर कितीही झोपा, ही रात्र सरायची नाही अशा अर्थाचा संदेश येतो. नव्या नावांत याही नियमाचे शब्द अंडरस्कोअरने जोडलेले असतात.

कारण दूर झाल्यावर वेळ नीट लावणे

इथे घाईने '/टाइम सेट डे' देऊ नका. जावामध्ये 'सेट'ने दिवसांची मोजणी पुसली जाते, चंद्र पुन्हा पौर्णिमेवर जातो, आणि तुम्ही ३०० दिवस जगलेलं जग स्वतःला पहिल्या दिवसावर समजू लागतं. त्याऐवजी 'ॲड' वापरा. डेटाइम १८,००० असेल तर '/टाइम ॲड ६०००' दिलं की पुढची सकाळ होते आणि दिवसांचा हिशेब शाबूत राहतो. भाच्याची मोजणी त्या कमांड ब्लॉकने आधीच पुसली होती, ती मात्र परत आणता आली नाही.

वर्ल्ड उघडतच नसेल, म्हणजे गेम सेव्ह होत असताना लाइट गेली आणि फाइल बिघडली, तर कमांडचा प्रश्नच येत नाही. जावामध्ये वर्ल्डच्या फोल्डरात 'लेव्हल डॉट डॅट' शेजारी तिचीच आधीची प्रत असते, नावाच्या शेवटी 'ओल्ड' जोडलेली. गेम बंद करा, पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, बिघडलेली फाइल बाजूला हलवा आणि जुन्या प्रतीच्या नावातलं 'ओल्ड' त्याआधीच्या अंडरस्कोअरसकट काढून टाका. ही फाइल लहान असते, तिच्यात वेळ, नियम, हवामान असतं. बांधकाम वेगळ्या फाइलींत असल्याने किल्ल्याला धक्का लागत नाही.

शेवटी मिनिटाची चाचणी पुन्हा एकदा घ्या, आणि एक पूर्ण दिवस, २० मिनिटं, गेम तसाच चालू ठेवा. जवळ गाव असेल तर तिथे उभे राहा. अंधार पडू लागला की गावकरी आपापल्या बेडकडे निघाले पाहिजेत, उजाडल्यावर कामाच्या जागी परतले पाहिजेत. त्यांची दिनचर्या डेटाइमवरच चालते. रात्र अडकली की ते झोपूनच राहतात आणि त्यांच्याकडचा माल भरला जात नाही. भाच्याच्या किल्ल्याखालच्या वस्तीतला ग्रंथपाल त्या सकाळी उठून आपल्या मेजाकडे चालत गेला, तेव्हा भाच्याने मला व्हिडिओ कॉल लावून ते दाखवलं.